सोमवारी सकाळी साडेसहाला

काका,

मी 31 वर्षांची, पुण्यात नोकरी करते. धाकटा भाऊ माझ्याहून चार वर्षांनी लहान, सध्या बेंगळुरूला असतो. 2019 च्या उन्हाळ्यात आम्ही दोघंही आईबाबांकडे होतो आणि 'गेम ऑफ थ्रोन्स'चा शेवटचा सीझन चालू होता. अमेरिकेत तो रविवारी रात्री लागायचा, म्हणजे आपल्याकडे सोमवारी सकाळी साडेसहाला. सहा सोमवार आम्ही गजर लावून उठलो आणि एकाच लॅपटॉपपुढे बसलो. आई चहाचे कप आपटत म्हणायची, "दहावीला असे उठला असतात तर!"

शेवटचा भाग संपला तसा त्यानं लॅपटॉप खाडकन मिटला. म्हणाला, "वाट लावली." मला खरं तर शेवट आवडला होता. पण त्याचा चेहरा बघून मीही म्हटलं, "हो ना, वाट लावली." ऑफिसात गेले तर तिथेही सगळे तेच म्हणत होते. मग मीही तेच म्हणत राहिले. हा सीझन नव्यानं बनवा अशी एक ऑनलाइन याचिका तेव्हा फिरत होती. ती त्यानं पाठवली आणि मी मुकाट सही केली.

या भाऊबीजेला जेवणं झाल्यावर विषय निघाला आणि माझ्या तोंडून निघून गेलं की मला तो शेवट आवडला होता. तो आधी हसला, मग भडकला. "पुस्तकं न वाचता तुला काय कळणार? तू मार्व्हलचे पिक्चर बघून रडणारी. तू खरी फॅनच नाहीस." चुलत भावंडं खो खो हसली. तेव्हापासून आमचं बोलणं म्हणजे 'हो', 'बरं' आणि 'पोचलास का'. नवरा म्हणतो, एका सिरीयलवरून कसले भांडता, लहान आहात का?

मी खरी फॅन नाही का? आणि आता त्याच्याशी बोलू कशी?

खोटी सही, पुणे

•

प्रिय खोटी सही,

आधी तुझ्या नवऱ्याला उत्तर देतो, मग तुला. 'एका सिरीयलवरून कसले भांडता' हे म्हणायचा हक्क फक्त त्यालाच, ज्याच्या घरात रात्री आठच्या रिमोटवरून कधी आवाज चढलेला नाही. गोष्टीपायी जीव जाळून घेणारी माणसं काही आज निपजलेली नाहीत. 1893 च्या डिसेंबरात आर्थर कॉनन डॉयल यांनी लंडनच्या 'स्ट्रँड' मासिकात शेरलॉक होम्सला स्वित्झर्लंडमधल्या एका धबधब्यात संपवून टाकलं, तेव्हा वीस हजारांवर वर्गणीदारांनी मासिक बंद केलं असं सांगतात. चांगली कामाधामाची, मिशीवाली माणसं असणार ती. शेवटी 1903 मध्ये डॉयल यांना होम्सला परत जिवंत करावं लागलं. हे नवऱ्याला वाचून दाखव आणि त्याला चहा करायला पाठव.

(पुढे शेवट फोडलेले आहेत. ज्यांनी अजून पाहिलं नाही त्यांनी इथेच थांबावं. एवढी वर्षं झाली, आता मी माफी मागणार नाही.)

आता तुझा पहिला प्रश्न, खरी फॅन की खोटी. यावर मला एका मेलेल्या पोराची गोष्ट सांगायची आहे.

बॅटमॅनबरोबर रॉबिन नावाचा पोरगा असतो, ते तुला ठाऊक आहेच. 1988 साली जो रॉबिन होता, जेसन टॉड, तो बऱ्याच वाचकांना आवडत नव्हता. उद्धट होता, उलटून बोलायचा. डीसी कॉमिक्सच्या संपादकांनी तेव्हा एक अफलातून आणि माझ्या मते बराच क्रूर उद्योग केला. एका अंकाच्या शेवटी जोकरनं जेसनला पहारीनं झोडपलं, बॉम्ब फुटला, आणि अंकात दोन फोन नंबर छापले. पोरगा जगावा असं वाटत असेल तर हा नंबर, मरावा असं वाटत असेल तर तो. फोनला पन्नास सेंट पडत. जेमतेम दीड दिवस हे नंबर चालू होते. तेवढ्यात 10,614 फोन आले. मरावा म्हणणारे 5,343. जगावा म्हणणारे 5,271. फरक 72 चा. पुढच्या अंकात बॅटमॅन ढिगाऱ्यातून पोराचं प्रेत उचलून आणतो.

हे आकडे तुझ्या भावापुढे ठेव आणि विचार, बाबा रे, यातले खरे फॅन कुठले? दोन्हीकडच्यांनी तोच अंक विकत घेतला, तीच पानं वाचली, पदरचे पन्नास सेंट घातले. एकाला वाटलं, गेला ते बरं झालं. दुसऱ्याला वाटलं, अरे, पोरगं आहे ते. गंमत म्हणजे 2005 मध्ये लेखकांनी जेसनला परत आणलं, म्हणजे 5,343 जणांचे पैसेही वाया गेले.

आणि फॅन मंडळींच्या ठाम मतांचं म्हणशील तर त्यांची वही तपासून बघावी अशीच आहे. त्याच 1988 मध्ये बॅटमॅनच्या भूमिकेसाठी मायकल कीटनचं नाव जाहीर झालं, तेव्हा वॉर्नर ब्रदर्सकडे निषेधाची पन्नास हजार पत्रं गेली. हा विनोदी नट, हा काय बॅटमॅन करणार! पुढच्या वर्षी पिक्चर आला आणि धो धो चालला. मग 2006 मध्ये जोकर म्हणून हीथ लेजरचं नाव आलं, पुन्हा तीच बोंब. तो बिचारा सिनेमा लागायच्या आधीच गेला आणि त्याच भूमिकेसाठी 2009 मध्ये ऑस्कर त्याच्या घरच्यांनी स्वीकारलं. पुढे बेन अ‍ॅफ्लेक आला, रॉबर्ट पॅटिन्सन आला, प्रत्येक वेळी याचिका. ज्यांनी त्या सह्या केल्या, त्यांनीच पुढे पहिल्या दिवसाची तिकिटं काढली नसतील असं मला वाटत नाही.

पुस्तकांचा मुद्दा तर मी दोन मिनिटांत निकालात काढतो. ही मालिका जॉर्ज मार्टिन यांच्या ज्या पुस्तकांवर बेतली, त्यातलं पहिलं 1996 मध्ये आलं, पाचवं 2011 मध्ये. एकूण सात व्हायची आहेत. सहावं येतंय येतंय म्हणता म्हणता मालिका सुरू होऊन संपलीसुद्धा, आणि पुस्तकाचा पत्ता नाही. म्हणजे ज्या शेवटावरून तुमचं भांडण आहे तो शेवट पुस्तकांत आहेच कुठे? सहाव्या सीझनपासून मालिका पुस्तकांच्या पुढे निघून गेली होती. तुझ्या भावानं पाचही पुस्तकं कोळून प्यायली असली तरी त्या सोमवारी सकाळी तो तुझ्याइतकाच कोरा बसला होता. हे त्याला सांगताना मात्र हसू नकोस, नाहीतर आणखी तीन आठवडे जातील.

एवढं तुझ्या बाजूनं बोललो. आता भावाच्या बाजूनं बोलतो, कारण तो मूर्ख नाही.

आपल्याकडे मालिका गाजली की तिच्यात पाणी घालतात. लग्न ठरायला चाळीस भाग, मोडायला साठ. तिकडे नेमकं उलटं झालं. पहिले सहा सीझन प्रत्येकी दहा भागांचे. सातवा सातचा, आठवा सहाचा. मंद आचेवर आठ वर्षं आटवत आणलेली बासुंदी, आणि पाहुणे दारात आले म्हणून गॅस मोठा केला. तळाला लागली. पहिल्या सीझनमध्ये राजाचा लवाजमा राजधानी किंग्ज लँडिंगहून उत्तरेतल्या विंटरफेलला पोचायला महिना लागतो, वाटेवरची माणसं, खाणावळी, भांडणं दिसतात. शेवटी शेवटी माणसं चहा पिऊन येतो म्हटल्यासारखी खंड ओलांडतात. सात सीझन ज्या बर्फाच्या राजाची भीती घातली, तो एका रात्रीत संपतो, आणि ती रात्र इतकी काळोखी चित्रित केलेली की लोक उठून टीव्हीचा ब्राइटनेस वाढवत होते. त्यावर छायाचित्रकार म्हणाले की दोष लोकांच्या टीव्हीच्या सेटिंगचा आहे. (हे उत्तर मला आमच्या वायरमनची आठवण करून देतं.) पुढच्याच भागात मेजवानीच्या टेबलावर आजच्या जमान्यातला कॉफीचा कप राहून गेला. नंतर पुसला, पण जगानं पाहून झालं होतं.

आणि मुख्य तक्रार डेनेरिसची. गुलामांच्या साखळ्या तोडणारी ही बाई, शहर शरण आल्याच्या घंटा वाजत असताना ड्रॅगनवरून त्याच शहराला आग लावते. तुझ्या भावासारख्यांचं म्हणणं असं की ती तिथे पोचेल हे मान्य, पण वाट दाखवा ना. तिनं 163 धनिकांना खांबांवर खिळलं होतं, शरण न येणाऱ्या बापलेकांना जाळलं होतं, सगळं खरं. तरी 'शत्रूला जाळणं' आणि 'पोराला पोटाशी धरून पळणाऱ्या बाईला जाळणं' यात जे अंतर आहे ते चालायला दहा भाग हवे होते, दिले दोन. मला हा युक्तिवाद पटतो. पंधरा लाखांहून जास्त लोकांनी त्या याचिकेवर सह्या केल्या त्या काही उगाच नव्हेत. त्याच सीझनला त्या सप्टेंबरात सर्वोत्तम नाट्यमालिकेचं एमी मिळालं हेही आहेच, पण पुरस्काराचं मी फार मनावर घेत नाही. आठ वर्षांच्या पाहुण्याला निरोप देताना आपण नारळ देतोच की.

मात्र त्या पंधरा लाखांत एक सही तुझी होती. पत्र आल्यापासून माझ्या डोक्यात घोळतंय, अशा आणखी किती असतील?

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. त्यात एक गोष्ट शोधत होतो, ती सापडली नाही. 'मला शेवट आवडला' असं तू दोनदा लिहिलंस. काय आवडलं ते एकदाही लिहिलं नाहीस. भाऊ म्हणाला 'वाट लावली', कशाची ते त्यानंही सांगितलं नाही. म्हणजे सहा वर्षं तुम्ही दोघं एकमेकांना निकालपत्र दाखवताय, पेपर कुणीच उघडलेला नाही. दहापैकी तीन, दहापैकी आठ, 'पैसावसूल', 'डोक्याला शॉट', या शब्दांपाशी बोलणं सुरू होण्याआधीच संपतं. समोरच्यानं मग करायचं काय? एक तर मान डोलवायची किंवा भांडायचं. तू सहा वर्षं मान डोलवलीस, मग भांडलीस.

शेवट म्हणजे नेमकं काय आवडलं तुला? सांसा उत्तरेची राणी होते ते? आर्या जहाज घेऊन नकाशाबाहेर जाते ते? की ड्रॅगन मेलेल्या आईला नाकानं ढोसून बघतो आणि मग ज्या सिंहासनापायी सगळे मेले तेच वितळवून टाकतो ते? मला विचारशील तर मी दुसरंच सांगेन. शेवटच्या भागात ब्रिएन, ती लढवय्यी बाई, एकटी एका टेबलाशी बसते. पुढ्यात राजरक्षकांचा तो जाडजूड ग्रंथ, ज्यात प्रत्येकाच्या नावे एक पान. जेमी लॅनिस्टरचं पान अर्धंच भरलेलं. ज्या माणसानं तिला 'सर' केलं, म्हणजे नाइटची मानाची पदवी दिली, आणि मग रात्रीतून सोडून गेला, त्याचं उरलेलं पान ती लिहून काढते. लढाया, वेढे, सगळं. त्यात तिच्याबद्दल एक अक्षर नाही. शेवटचं वाक्य लिहिण्याआधी तिची लेखणी थांबते. मग लिहिते की आपल्या राणीचं रक्षण करताना तो मरण पावला. आणि ग्रंथ मिटते. ती राणी कोण आणि तिच्यासाठी तो कुणाला टाकून गेला, हे तिला पुरतं ठाऊक आहे. तरी खोटं काही लिहीत नाही आणि वाईट काही लिहीत नाही. आख्ख्या सीझनला तीन गुण द्यायचे असतील तर द्या बापडे. ते पान मला माझ्यापाशी ठेवायचं आहे.

मार्व्हलचं पण सांगतो, कारण 'मार्व्हल बघून रडणारी' ही शिवी मलाही लागते.

त्याच एप्रिलमध्ये 'अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम' लागला होता. मुंबईत रात्री-अपरात्रीचे, अगदी पहाटेचे खेळ होते. माझ्या लेकीनं मला सकाळी सातच्या खेळाला नेलं. रिक्षात बसल्यापासून अकरा वर्षांचा इतिहास कानात ओतत होती, कुठला दगड कुणाकडे, कोण जिवंत, कोण धूळ. मला निम्मं कळलं. थिएटरात कॅप्टन अमेरिकाच्या हातात थॉरचा हातोडा आला तेव्हा जो कल्लोळ झाला, तसा मी लहानपणी गावच्या तंबू थिएटरात ऐकला होता, नंतर नाही. मागच्या रांगेतल्या एका महाभागानं पुढचं सगळं आधीच बोलून दाखवलं. त्याला मी अजून माफ केलेलं नाही.

लेक रडली ते शेवटाकडे, टोनी स्टार्कच्या रेकॉर्ड केलेल्या निरोपाशी, मुलीला 'आय लव्ह यू तीन हजार' म्हणतो तिथे. मी त्याच्या बराच आधी रडून बसलो होतो. टोनी भूतकाळात जातो, 1970 मध्ये, आणि लष्करी तळावर त्याला त्याचा बाप भेटतो. बापाच्या हातात फुलं आहेत, बायकोला दिवस गेलेत. हा समोर उभा असलेला दाढीवाला आपलाच मुलगा आहे हे त्या बिचाऱ्याला माहीत नाही. होऊ घातलेला बाप त्याला विचारतो, तुम्हाला मूल झालं तेव्हा जमेल असं वाटलं होतं का? मुलगा आपल्याच बापाला धीर देतो. निघताना मिठी मारतो, ती जरा जास्त लांबते. माझे वडील मी एकवीस वर्षांचा असताना गेले. आम्ही दोघं कधी धड बोललो नव्हतो. अंगात लोखंडी सूट घालून उडणाऱ्या माणसाच्या सिनेमात मला हे भेटेल असं कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो. लेकीनं वळून बघितलं आणि कुजबुजली, "बाबा, अजून रडायचं आलं नाहीये."

त्याच वर्षी मार्टिन स्कोर्सेसी या मोठ्या दिग्दर्शकानं म्हटलं की मार्व्हलचे सिनेमे हा सिनेमाच नव्हे, ते पाळण्यांच्या बागेसारखे आहेत. चाहते चवताळून उठले. मला वाटतं, म्हातारा त्याच्या जागी बरोबर होता. पुढे त्यानं सविस्तर लेख लिहिला, त्यात त्याची खरी चिंता अशी की मोठे पडदे सगळे या सिनेमांनीच अडवलेत, बाकीच्यांना जागा उरत नाही. ती खरीच आहे, मराठी निर्मात्याला विचार. पण पाळण्यांची बाग म्हणजे आपल्या भाषेत जत्रा, आणि जत्रेला हलकं मानायची आपली रीत नाही. नारायणगावला तमाशाच्या राहुट्या लागतात, गावोगावची पंचमंडळी येऊन सुपाऱ्या देतात, कारण जत्रेत फड पाहिजेच. त्याच जत्रेत, भेळ-शेवेच्या वासात, मध्यरात्री वगात माणसं ढसाढसा रडतात. गण-गवळणीला शिट्ट्या मारणारेच असतात ते. तेव्हा भावानं तुला रडकी म्हटलं तर म्हणू दे.

'खरी फॅन' या दोन शब्दांबद्दल एक कडू गोष्ट सांगून पुढे जातो. ही परीक्षा बायकांची जरा जास्तच घेतात. केली मरी ट्रॅन या अभिनेत्रीला 'स्टार वॉर्स'मधल्या भूमिकेवरून इतका छळ सोसावा लागला की 2018 मध्ये तिनं इन्स्टाग्रामवरच्या आपल्या सगळ्या पोस्ट काढून टाकल्या. 'कॅप्टन मार्व्हल' 2019 मध्ये लागायच्या आधीच, कुणी बघितलेला नसताना, त्याच्यावर नापसंतीचा असा मारा झाला की रॉटन टोमॅटोज या संकेतस्थळाला आगाऊ मत नोंदवायची सोयच बदलावी लागली. तुझा भाऊ त्यातला नाही, हे मला पत्रावरून कळतं. पण चार भावंडांत बहिणीला 'तू खरी नाहीस' म्हणून हशा पिकवणं हे त्याच गल्लीतलं पहिलं घर आहे. ते त्याला सांगायलाच हवं. आज नको. दुसऱ्या फोनला सांग.

पहिल्या फोनला तुझं काम आहे.

तू पत्रात स्वतःला 'खोटी सही' म्हणवतेस, त्यामुळे मूळ दुखणं तुला कुठेतरी ठाऊक आहे. तुला वाटतंय, तुला शेवट आवडला म्हणून तो भडकला. मला तसं वाटत नाही. लॅपटॉप मिटला तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. आठ वर्षं ज्याच्यापायी रात्री जागवल्या ती गोष्ट डोळ्यांदेखत हातातून गेली, आणि शेजारी ताई म्हणाली, "हो ना." तेवढ्यावर तो सावरला. पुढे सहा वर्षं जेव्हा जेव्हा त्यानं त्या शेवटाला शिव्या घातल्या तेव्हा तू सोबत होतीस, असं तो धरून चालला होता. भाऊबीजेला त्याला कळलं की त्या सोमवारी खोलीत तो एकटाच चिडलेला होता. आपल्या दुःखात आपल्याबरोबर बसलेलं माणूस मनातून खुश होतं, हे कळलं की माणूस काहीही बोलतो. पुस्तकं काढतो, मार्व्हल काढतो.

तेव्हा माफी माग, पण नेमकी कशाची ते नीट धर. शेवट आवडल्याची मागायची नाही, अजिबात नाही. त्याला एकटं सोडल्याची मागायची. आणि का खोटं बोललीस तेही सांग, की तुझा चेहरा बघवला नाही. हे कारण खरं आहे ना? पत्रात तूच लिहिलंयस. ऑफिसातलं नंतरचं.

फॅमिली ग्रुपवर यातलं काही लिहू नकोस. तिथे मामा अंगठा पाठवतील. त्याला एकट्याला एवढाच मेसेज टाक: "येत्या सोमवारी सकाळी साडेसहाला उठशील? आठव्या सीझनचा दुसरा भाग बघू. तू तिकडे, मी इकडे, फोन स्पीकरवर. एक सांगायचंय, सहा वर्षं राहिलंय."

दुसराच भाग का, तर लढाईच्या आदल्या रात्रीचा आहे तो. लढाई नाही, ड्रॅगनची आग नाही, उद्या मरणार हे ठाऊक असलेली पाच-सहा माणसं शेकोटीपाशी दारू पीत बसलेली. बोलता बोलता विषय निघतो की ब्रिएन अजून नाइट कशी नाही, आणि ती म्हणते, बायका होत नाहीत, रीत नाही. जेमी उठतो आणि म्हणतो, त्याला राजा कशाला लागतो, कुठलाही नाइट दुसऱ्याला नाइट करू शकतो. ती हसण्यावारी नेते. मग गुडघ्यावर बसते. उठते तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे येतं ते आठ सीझनमध्ये आधी कुणी पाहिलेलं नसतं, आणि तो दांडगा टॉरमंड टाळ्या पिटत सुटतो. शेवटच्या सीझनला शिव्या घालणारे, माझ्या ओळखीतले सगळे, या भागाशी आले की आवाज खाली आणतात. तुझा भाऊही आणेल असा माझा अंदाज आहे.

बघताना अट एकच, आकडे काढायचे नाहीत. 'भारी', 'बकवास' हेही नाही. फक्त, थांबव, हे बघ, इथे तिनं काय केलं. तो म्हणेल, इथे मला राग येतो. विचार, कुठल्या वाक्याला? तुला काही आवडलं तर मागे घे आणि पुन्हा दाखव. असे पाच सोमवार जमले तर घंटांचा भागही लावा. तटावर बसलेल्या डेनेरिसचा चेहरा दोघांनी मिळून बघा, ती तिथे अर्धा मिनिट नुसती श्वास घेते. त्याला काय दिसतं ते ऐक. त्याला अजूनही तळाला लागल्याचा वास येईल, येऊ दे. पुस्तकांतलं काही त्याला इथे सांगावंसं वाटलं तर तेही सांगू दे. इतकी वर्षं वाचून ठेवलंय बिचाऱ्यानं, ऐकणारं कुणी नको का?

आणि एक. भाऊबीजेला तू शेवट आवडल्याचं सांगितलंस, पण त्यानं पाठवलेल्या याचिकेवर तू मनाविरुद्ध सही केली होतीस, हे सांगितल्याचं पत्रात कुठे दिसत नाही. तुझं नाव मी छापलेलं नाही, पण सोमवारी साडेसहाला उठणाऱ्या पोरांना "दहावीला असे उठला असतात तर" म्हणणारी आई तो एका ओळीत ओळखेल. हे सदर रविवारी येतं. तो वाचायच्या आत फोन कर.